उपाशीपोटी एक केळं

मला मूल हवं होतं. एवढी साधी गोष्ट. लोकांना मोटारसायकल हवी असते, पत्र्याच्या जागी कौलं हवी असतात, मला मूल हवं होतं. पण मोटारसायकल हवी असणाऱ्याच्या पोटाकडे बघत कोणी बोलत नाही. माझ्या बाबतीत आमच्या वोनोसोबो गावातला प्रत्येक माणूस आधी पोटाकडे बघायचा, मग तोंडाकडे, आणि मग विचारायचा, "भरलं का?"

आमच्याकडे असंच विचारतात. भरलं, की अजून रिकामंच? गॅसच्या टाकीबद्दल विचारावं तसं. बाजारात कोबी निवडताना विचारतात, मयताला गेलं तरी सोडत नाहीत. एकदा तर ज्या घरी मयत झालं होतं तिथली विधवाच रडता रडता थांबली आणि मला म्हणाली, "तुर्सिना, तुझं भरलं का गं?" तिचा नवरा आत चादरीखाली होता. मी म्हटलं, "नाही हो." ती म्हणाली, "अरेरे, वाईट वाटतं," आणि पुन्हा रडायला लागली. आता ती कोणासाठी रडत होती हे मी काही विचारलं नाही.

त्यात त्या वर्षी मी फुगत चालले होते, त्यामुळे फसवणूक केल्याचा आरोपही माझ्यावरच आला. लोक अभिनंदन करायचे, मी नाही म्हणायचे, आणि ते असं तोंड करायचे जणू मी दुकानात रिकामा डबा सजवून ठेवला होता. मला थंडी वाजायची. पण आमच्या गावात धुकं दुपारीच दारात येऊन बसतं, सगळ्यांनाच थंडी वाजते, मग माझ्या दोन स्वेटरांचं कोणाला काय वाटणार? केस फणीत यायचे. पाळी म्हणजे सरकारी साहेबासारखी. दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की मुक्काम हलवत नाही. आणि झोप! माझं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे. बसल्या बसल्या मशीनवर डोळा लागायचा. एका पोराच्या शर्टाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. त्याची आई म्हणाली, "पोर दोन्हीकडून डावखुरं झालं की हो!" सासूबाई म्हणाल्या, आळस. दुसऱ्या कुणाला दुसरा शब्द सुचला नाही.

प्रकल्प सुरू केला तो सासूबाईंनीच. त्या मोड निवडत बसल्या होत्या. मोड वासिससाठी. वासिस माझा नवरा, पाटबंधारे खात्यात कारकून. मोड खाल्ले की पुरुषात जोर येतो असं आमच्या बायका छातीठोक सांगतात. दवाखान्याने तपासून त्याच्यात काही कमी नाही असं सांगितलं होतं, तरी तो सकाळ-संध्याकाळ मोड चघळत होता. आईला नाही म्हणणं पाटबंधारे खात्यात शिकवत नाहीत.

"न्दुक, पोरी," सासूबाई मला म्हणाल्या, "मी एन्दांगशी बोलले. ती वेनिंगला देते म्हणाली."

एन्दांग म्हणजे वासिसची धाकटी बहीण. वरच्या खेड्यात राहते, चार पोरं. वेनिंग त्यातली तिसरी.

"देते म्हणजे?"

"म्हणजे आमिष म्हणून. दुसरं काय?"

ज्या घरात पोर होत नाही तिथे नात्यातलं एखादं पोर आणून ठेवायचं. त्याला बघून आपलं पोर येतं, आमिषाला मासा येतो तसं. आम्ही याला पान्चिंगान म्हणतो, आणि त्यावर शंका घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. प्रत्येकाच्या चुलतबहिणीच्या जावेला अगदी असंच झालेलं असतं.

"बू, मला डॉक्टरकडे जायचंय," मी म्हटलं. सासूला आम्ही आईसारखं बूच म्हणतो.

"जा की. डॉक्टर कुठे पळून चाललाय? आधी आमिष तर लावू."

"आणि मासा नाही आला तर?" वासिसने तोंडातले मोड आवरत विचारलं.

"तर पोर परत करायचं. ते काय नासतंय होय!"

रविवारी एन्दांग मोटारसायकलवरून आली. वेनिंग पाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दोन फ्रॉक. तिने मोठ्यांना करतात तसा माझा हात आपल्या कपाळाला लावला, मला बुदे, म्हणजे मोठी मामी, म्हटलं आणि लगेच कामाचं बोलली.

"बुदे, मी तुमच्यासाठी बाळ आणायला आलेय. आई म्हणाली बाळ आलं की घरी. किती दिवस लागतील?"

"मला नाही गं माहीत."

"बरं. मी लवकर करते."

आयुष्यात माझ्यासाठी कोणी काही लवकर करतो असं म्हटलेलं मला आठवत नाही. ना गिऱ्हाईक, ना सरकार, ना नवरा.

पाहुणं राहायला आलं की गल्लीप्रमुखाला कळवावं लागतं. तो नोंद घेतो आणि त्याची बायको बातमी घेते. तिला सगळे बू एर्ते म्हणतात. गल्लीप्रमुखाने विचारलं, "मुक्काम किती दिवस?" मी म्हटलं, "काम होईपर्यंत." "काम काय?" आतून बू एर्ते ओरडली, "अहो, आमिष आहे ते! लिहा ना!" त्याने खरंच लिहिलं. मग विचार करून खोडलं. म्हणाला, तालुक्याला वाटेल तुम्ही मत्स्यव्यवसायाचं कर्ज मागताय.

बू एर्ते चहाचा कप धरून बाहेर आली आणि मला नियम सांगायला बसली. आमिष नवरा-बायकोच्या मधेच झोपलं पाहिजे. बाजूला झोपवलं तर गुण येत नाही.

"मधे?" मी म्हटलं.

"अगदी मधे."

"मग मासा येणार कोणत्या रस्त्याने, बू एर्ते?"

"शी! तोंड बघा हिचं! म्हणून तर होत नाही तुला!"

सासूबाईंनी नियम पाळायला लावला. मी आणि वासिस पोरीच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघत पडायचो, पूर आलेल्या नदीच्या दोन काठांवर उभे राहावं तसे. वेनिंग लाथा मारायची. आमचं लग्न झाल्यापासूनचा सर्वांत ब्रह्मचारी काळ तो, आणि सगळी गल्ली रोज सकाळी आशेने विचारायची, "भरलं का?"

शेवटी सुईनेच मला डॉक्टरकडे नेलं. मशीनवर डोळा लागला आणि सुई बोटातून आरपार गेली. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बोट बांधलं, पण त्यांचं लक्ष माझ्या मानेकडे. "जरा पाणी प्या," म्हणाल्या. प्याले. "पुन्हा प्या." थंडी वाजते का, केस गळतात का, पोट साफ होतं का, पाळी कशी आहे? मला वाटलं सासूबाई आधीच येऊन हिला सगळं सांगून गेल्या. रक्त तपासायला तिथे द्रव संपला होता. मग मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी.

मोठ्या दवाखान्यात विमा योजनेची खिडकी असते. खिडकीतल्या बाईने मान वर न करता विचारलं, "कशासाठी?"

"मूल होत नाही."

"ते योजनेत बसत नाही."

"मग काय बसतं?"

"आजार."

"मला मानेत आजार आहे. त्यामुळे मूल होत नाही, असं वाटतंय."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ताई, एकच सांगा. मान की मूल?"

"मान."

"मग मूल म्हणू नका इथे. मागची लाईन बघा केवढी आहे."

म्हणजे दवाखान्यात मुलाचं नाव काढायचं नाही, आणि घरी मानेचं. घरी मानेचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, "पोर काय मानेतून होतं होय?" माझ्या अंगाचे दोन भाग दोन कार्यालयांत वाटून दिले होते, आणि त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नव्हता.

डॉक्टर हान्दोयोंनी मात्र दोन्ही एकत्र जोडले. पन्नाशीचे, चिडके, टेबलावर अर्धं खाल्लेलं काहीतरी कायम. म्हणाले, "मानेतली ही थायरॉईड ग्रंथी मंद चालते. ती मंद, म्हणून सगळंच मंद. तुमचं बीजच वेळेवर सुटत नाही, तर गर्भ राहणार कसा? राहिला तरी टिकायला अवघड. आधी ही ताळ्यावर आणू. रोज सकाळी एक गोळी, उपाशीपोटी. पक्कं?"

"पक्कं."

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले आणि हसले. आळस नव्हता तो! इतकी वर्षं आळशी म्हणवून घेतलं, आणि आत एक ग्रंथी पेंगत होती. मला तिचा रागही येईना. ती आणि मी, दोघी मशीनवर झोपलेल्या.

घरी सासूबाईंनी गोळी पाहिली आणि छातीवर हात मारला. "उपाशीपोटी औषध? आतडी जळतील! पोटात वारा शिरेल! कोण डॉक्टर आहे हा? याला आई नाही?"

"बू, त्यांनी सांगितलंय. मी पाळणार."

"पाळ ना! नाही कोण म्हणतंय?"

आणि मी पाळलं. अक्षरशः पाळलं. उठले की पहिली गोळी. इथे सगळे गोळी केळ्यातूनच घेतात, तशी केळ्याच्या घासात दाबून. वरून पेलाभर सोयाबीनचं गरम दूध. गर्भाशयाला चांगलं म्हणून सासूबाई पहाटे तेंपेवाल्याकडून आणायच्या. तोंडाची चव जावी म्हणून तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, दोन तळलेले तुकडे. भाताला मात्र तासभर हात लावत नव्हते. वेनिंगचा भात पुढ्यात वाफाळायचा, वास नाकात जायचा, मी तोंड फिरवायचे. याला म्हणतात संयम.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा होता तिथेच. डॉक्टरांनी गोळी वाढवली. चिठ्ठीची मुदत संपली, ती नवी आणायला पुन्हा आरोग्य केंद्र, पुन्हा खिडकी, पुन्हा "मान." पुन्हा रक्त. आकडा ढिम्म. मी अजून फुगलेली, अजून गारठलेली. गल्लीत बू एर्तेचं म्हणणं पडलं की पोरगी नीट मधे झोपत नसावी.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी कागद टेबलावर आपटला.

"बाई, तुम्ही गोळ्या घेत नाही."

"घेते."

"एवढी मात्रा घेऊन हत्ती जागा होईल! तुम्ही खोटं बोलताय."

मला आयुष्यात लोक जाडी म्हणाले, रिकामी म्हणाले, आळशी म्हणाले. खोटारडी कोणी म्हटलं नव्हतं. मी उठून उभी राहिले. "डॉक्टर, माझ्या घरी या आणि कोंबडा आरवताना माझ्या तोंडात बघा! रोज घेते! उपाशीपोटी!"

वासिसला आईपुढे बोलता येत नाही, पण डॉक्टरपुढे त्या दिवशी बोलला. हात छातीवर ठेवून म्हणाला, "मी साक्षीदार आहे, डॉक्टर. पोटात तिच्या काही नसतं. फक्त ते एक केळं."

"केळं?"

"गोळी उतरायला. आणि पेलाभर सोयाबीनचं दूध. आणि तेंपेचे दोन तुकडे, चवीपुरते. बाकी पोट रिकामं."

डॉक्टर हान्दोयोंनी आपटलेला कागद उचलून सरळ केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी उपाशीपोटी म्हणालो होतो."

"मग? भात खाल्लाच नव्हता मी!"

"केळं पोटातच जातं ना? आणि सोयाबीन! सोयाबीन तर ही गोळी अंगाला लागूच देत नाही! तुम्ही इतके महिने गोळी गिळत होता आणि तिला दरवाजातच अडवत होता!"

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्ही आज जेवलात?"

"कुठे! सकाळपासून वेळ नाही—" ते म्हणाले, आणि त्यांची नजर टेबलावरच्या वाडग्यात गेली. निम्म्या शेवया अजून होत्या त्यात. शेजारी वड्याचा तेलकट कागद.

भात पोटात गेला नाही तोवर आमच्यातला कोणीच जेवलेला नसतो. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते आमच्यातलेच. पण डॉक्टर झाले की रोग्याला विचारायचं एक, आणि स्वतः जगायचं दुसरं. "हे तुम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं," मी म्हटलं. वासिसने माझी बाही ओढली. मी म्हटलं, "ओढू नकोस, वासिस. नऊ महिने गेले माझे केळ्यात." मी छत्तिशीची होते. नऊ महिने कुठल्याच खिडकीत परत मिळत नाहीत.

तेव्हापासून नुसतं पाणी आणि गोळी, आणि मग पूर्ण एक तास काही नाही. सासूबाई त्या तासाला घरातून निघून जायच्या, त्यांना बघवत नसे. मी मागच्या पायरीवर बसायचे. वेनिंग शेजारी येऊन बसायची. मी म्हणायचे, तू खा. ती म्हणायची, "आमिषाने आधी खाल्लं तर बाळ रागावेल." दोघी भुकेल्या, धुक्यात, कोंबड्या बघत. त्या तासात ती मला सगळं सांगायची: तिला येणारे आकडे, एन्दांगचा मार, बाळाला ती कोणतं नाव देणार ते. नाव रोज बदलायचं. मला त्या तासाची ओढ लागली. खरं सांगते, मला मूल हवं होतं तेव्हा माझ्या डोक्यात जे काही होतं ते पायरीवर माझ्या शेजारी बसलेलं होतं, आणि मी अजून दुसऱ्याच कुणाची वाट बघत होते.

आणि एके दिवशी इस्त्री करताना मला घाम आला. वोनोसोबोत! मला! मी घाम पुसला नाही, आरशात बघत बसले. मग झोप उतरली, बाह्या डाव्या-उजव्या ओळखू यायला लागल्या, पाळी तारखेला यायला लागली. वेनिंगची गादी मी उचलून सासूबाईंच्या खोलीत टाकली. सासूबाई म्हणाल्या, गुण जाईल. मी म्हटलं, गेला तर जाऊ दे. वेनिंगने जाताना विचारलं, "आजीला पण बाळ हवंय?"

पुढे पाळी चुकली, आणि या खेपेला ती खरोखरच चुकली होती.

"लागलं! आमिष लागलं!" सासूबाई रस्त्यात उभ्या राहून ओरडल्या. वेनिंग घरभर उड्या मारत होती. "मी आणलं! मी आणलं!" मी तिला उचलून घेतलं आणि म्हटलं, हो गं, तू आणलंस. तेव्हा काय माहीत!

मग गोळी बंद करायची मोहीम निघाली. पोटुशी बाई औषध घेते? बू एर्ते स्वतः सांगायला आली. डॉक्टर तर म्हणाले होते की आता बाळालाही यातूनच पुरवायचंय, गोळी वाढवावी लागेल, एक दिवसही चुकवू नका. मी बू एर्तेसमोर गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याले. ती गेली. तोंडावर दार कसं लावतात ते मी त्या दिवशी शिकले.

चौथ्या महिन्याचं जेवण सासूबाईंनी थाटात केलं. वेनिंगसाठी मी पिवळा फ्रॉक शिवला होता. तिला माझ्या शेजारी मधोमध बसवलं, आणि प्रत्येक बाई आधी तिचा गाल ओढायची, मग माझ्याशी बोलायची. मी मनात ठरवलं होतं, जेवणं झाली की एन्दांगला बाजूला घेऊन म्हणायचं, ही राहू दे आमच्याकडे. शाळेत घालते. दोन्ही वाढवते.

पण बू एर्ते माझ्याआधी बोलली. "एन्दांग, आता ही माझ्या सुनेकडे. चार वर्षं झाली तिला, रिकामी."

"वा गं!" पलीकडची एक म्हणाली. "माझी मुलगी सहा वर्षं थांबलीय. आधी आमच्याकडे."

"मी आधी विचारलं!"

"तुमच्या सुनेला घाई काय आहे? तरुण आहे ती!"

एन्दांग लाजत म्हणाली, "शाळा सुरू होईपर्यंत माझी काही हरकत नाही बाई. गुण तर आहे पोरीत."

वेनिंग एकेकीकडे मान वळवून बघत होती. चेहरा असा फुललेला. मला दिसलं: पिशवीत दोन फ्रॉक, आज या घरात, उद्या त्या, दोन अनोळखी माणसांच्या मधे लाथा झाडत. आणि जिथे मासा नाही लागला तिथे तिच्याकडे कसं बघतील तेही दिसलं.

मी पोट सावरत उभी राहिले.

"कोणाला काही आणलेलं नाही या पोरीने!" माझा आवाज चिरकला. "ऐकताय? गुण-बिण काही नाही तिच्यात! दीड वर्ष घरात होती, काय झालं? काही नाही! माझ्या मानेत रोग होता. गोळीने बरा झाला, म्हणून हे पोट आहे. ज्यांना होत नाही त्यांनी रक्त तपासा, नवऱ्याला पण न्या, डॉक्टरकडे बसा! हिला नेऊन काही होणार नाही. आमिष म्हणून हिचा काडीचा उपयोग नाही!"

बू एर्तेचा हात वेनिंगच्या गालावर होता. तो तिने काढून घेतला आणि ओढणीला पुसला. पलीकडची म्हणाली, "मग राहू दे बाई." मी जिंकले होते. त्या घरात मी पहिल्यांदाच काही जिंकले होते.

एन्दांग उठली. "उपयोग नव्हता तर इतके दिवस ठेवून कशाला घेतलीस, वहिनी? चार लोकांत माझ्या पोरीला नावं ठेवायला?"

"एन्दांग, तसं नाही. तिला इथेच राहू दे. मला ती अशीच हवीय, कशासाठी म्हणून नाही."

"अशीच म्हणजे कशी? आता तुला स्वतःचं होतंय ना!"

सासूबाई रडायला लागल्या. वासिस उठून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. बोलला नाही, पण उभा राहिला. वेनिंग कुठे दिसेना. मग ती आतून आली. अंगावर आलेल्या दिवशीचा जुना फ्रॉक, आता गुडघ्याच्या वर गेलेला. हातात पिशवी. पिवळा फ्रॉक तिने घडी करून माझ्या गादीवर ठेवला होता, ते मला नंतर दिसलं.

तिने शिकवल्याप्रमाणे एकेकाचा हात कपाळाला लावला. आजीचा, वासिसचा, बू एर्तेचासुद्धा. एन्दांगने मोटारसायकल चालू केली होती. वेनिंग माझ्यापाशी आली, माझा हात कपाळाला लावला, आणि वर बघून विचारलं,

"बुदे, मग मी इथे काय करत होते?"

मी बोलले. काहीतरी बोलले, बरंच बोलले. मोटारसायकलच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नसावं, पण मोठ्यांपुढे हलवायची असते तशी तिने मान हलवली आणि मागच्या सीटवर चढून बसली.